माझी पायाळू सासू

आत्या गेल्याचा फोन आला तेव्हा माझ्या अंगावर शिशाचा एप्रन होता आणि मी आमच्या सर्जन सरांच्या हातात दुर्बिणीची नळी देत होते. नगरच्या एका मणक्याच्या दवाखान्यात मी थिएटर सिस्टर आहे. टेबलावर पालथा झोपलेला पेशंट जागाच होता, सर त्याच्याशी बोलत होते, आणि बाहेर माझ्या पर्समध्ये माझ्या नवऱ्याचा, दत्ताचा फोन वाजत होता. तो बाहेरच्या सिस्टरनं उचलला. तिनं हळूच सरांच्या कानात सांगितलं, मला नाही. शेवटचा टाका पडला, हातमोजे निघाले आणि मग सर म्हणाले, "मंगल, घरी जा. सासूबाई..." सकाळचा चहा पिऊन आत्या भिंतीला टेकल्या, त्या तशाच राहिल्या. फोन आला तेव्हाच मला का सांगितलं नाही, म्हणून मी थिएटरच्या दारातच सरांवर ओरडले. बारा वर्षांत पहिल्यांदा. आता महिना होऊन गेला, तो राग उतरलाय. तेव्हाच सांगितलं असतं तर माझे हात चालले नसते, आणि पेशंटला टेबलावर सोडून मी पळत आले असते तर आत्यांनी गेल्यावरसुद्धा मला झापलं असतं!

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई, हौसाबाई. आमच्याकडं सासूला आत्याच म्हणतात. गाव पारनेर तालुक्यात, राळेगणसिद्धीच्या वाटेवरचं. आत्या पायाळू होत्या. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि पायाळू माणसानं पाठीला पाय लावला की उसण उतरते, चमक जाते, असं आमच्या भागात सगळे मानतात. तीन दिवस ओळीनं सकाळी यायचं, तोंडात काही न घालता, आणि ओट्यावर पालथं पडायचं. आत्या डाव्या पायाच्या अंगठ्यानं मानेपासून कमरेपर्यंत आणि तिथून खाली टाचेपर्यंत रेघ ओढायच्या, शेवटी कमरेवर हलकीशी टाच मारायच्या आणि म्हणायच्या, "ऊठ, गेली." झालं औषध.

माझं लग्न होऊन पाच दिवस झाले नव्हते. सकाळी दार उघडलं तर ओट्यावर चार बाप्ये पालथे! मी नर्सिंग शिकलेली पोरगी, माझा नुसता तिळपापड झाला. "आत्या, अहो मणक्यावर पाय देताय तुम्ही! कुणाला काही झालं म्हणजे?" त्या शांतपणे म्हणाल्या, "देत न्हाई गं, लावते. पाय देनं येगळं आन् लावनं येगळं." तिथून आमची जी जुंपली ती काही वर्षं चालली. दत्ता नागापूरच्या कंपनीत जायला निघताना डबा उचलायचा आणि शेजाऱ्यांना सांगायचा, "आमच्या घरात दोन दवाखाने हायत, तुमाला कुठला पायजे?" मी अडाणीपणा म्हणायचे. आत्या म्हणायच्या, "तुझ्याकडं यायच्या आदी समदे माझ्याकडंच येऊन जात्यात." ते मात्र खरं होतं. आणि आणखी एक खरं सांगते, बहुतेक उसणी चार-आठ दिवसांत आपल्या आपणच उतरतात. आमचे सरसुद्धा बहुतेकांना गोळ्या, शेक, व्यायाम सांगून परत पाठवतात, ऑपरेशन थोड्यांनाच लागतं. पण हे आत्यांना कुठल्या तोंडानं सांगायचं? सासरे तरुणपणीच गेलेले. हळदीकुंकवाला आत्यांना कुणी बोलवायचं नाही, लग्नात मागच्या रांगेत बसवायचे. पण पाठ धरली की त्याच घरची माणसं चप्पल खाली काढून आमच्या ओट्यावर यायची. सरपंचसुद्धा. आत्यांचा गावातला सगळा मान त्या एका पायावर उभा होता. मला ते कळायला वेळ लागला.

मग आत्यांचीच कंबर धरली. त्यांनी कुणाला पत्ता लागू दिला नाही. म्हशीची धार काढून उठताना खांबाला धरायच्या, जेवताना सारखी मांडी बदलायच्या. एकदा मी दवाखान्यातून लवकर आले तर आत्या मोरीपाशी एका पायावर उभ्या, दातात पदर, डोळ्यांतून पाणी. म्हटलं, "कधीपासून?" म्हणाल्या, "दोन पावसाळं झालं आसतील." मी जी भडकले! "आणि मला सांगितलं नाही? मी रोज एसटीनं कुठं जाते आत्या, भाजी विकायला?" त्या खाली बसल्या. म्हणाल्या, "पायाळूचीच पाठ धरली म्हनल्यावर माझ्या दारात कोन येईल गं?"

सरांनी तपासलं. पेनाच्या टोकानं दोन्ही पायांवर रेघा ओढल्या, "दोन्हीकडं सारखं कळतं का?" असं विचारलं, पायाचा अंगठा हातानं दाबून "वर उचला" म्हणाले. लघवीचंही विचारलं, तेव्हा आत्या माझ्याकडं बघून पुटपुटल्या, "एवढ्या शिकल्याल्या मानसानं बाईमानसाला काय गं इचारावं!" एमआरआयमध्ये मणक्यांमधली गादी सरकलेली दिसली, नस दाबली गेली होती. गोळ्या झाल्या, व्यायाम झाले, मणक्यातलं इंजेक्शन झालं. कळ हटेना, आणि आत्या ऑपरेशनला तयार होईनात. "चाकू लागला की माझा पाय बाटला" हे एकच तुणतुणं. शेवटी एका सकाळी ओट्यावर तीन माणसं पालथी पडून वाट बघत होती, आणि ज्या पायावर उभं राहून दुसरा लावायचा, तो पाय त्यांचा भार धरेना. दोनदा उठल्या, दोनदा बसल्या. माणसांना म्हणाल्या, "जावा बाबांनो आज." आणि मला म्हणाल्या, "चल, कुठं घालायचं तिथं घाल मला."

दुर्बिणीच्या ह्या ऑपरेशनला पूर्ण भूल देत नाहीत. कमरेच्या बाजूला जागा बधिर करतात, पेशंट पालथा आणि जागा. करंगळीच्या नखाएवढ्या चिरेतून नळी आत जाते आणि पडद्यावर बघत बघत नसेवर आलेला गादीचा तुकडा काढतात. सरांनी मला विचारलं, "घरचं माणूस आहे, दुसरी सिस्टर घेऊ का?" मी म्हटलं, "नको." टेबलावर पालथं व्हायला सांगितलं तशा आत्या म्हणाल्या, "जलमभर लोकान्ला पालथं घातलं, आज माझी पाळी." सगळं थिएटर हसलं. सर म्हणाले, "आजी, पायात कळ आली की सांगा बरं." "आली की! तुमी काय सुई घातली का पहार?" थोड्या वेळानं, "आता?" "आली." "आता?" ... आणि मग त्या हळूच म्हणाल्या, "गेली." सर थांबले. "काय गेलं आजी?" "कळ. दोन पावसाळं ठान मांडून बसल्याली अवदसा... गेली बगा." तोंडावर मास्क असतो ते बरं असतं. दुसऱ्या दिवशी त्या चालत गाडीत बसल्या. वाटेत मी त्यांना सरांच्या प्रश्नांचा अर्थ सांगितला. बसायची जागा बधिर झाली, पाऊल उचलेना आणि लघवी अडली, तर एक दिवससुद्धा थांबायचं नसतं, माणूस जन्माचा पांगळा होतो. आत्या "हूं" म्हणाल्या आणि खिडकीबाहेर बघत राहिल्या. मला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी.

घरी आल्यावर त्या गप्प बसतील असं मला वाटलं होतं. छे! पहिला माणूस ओट्यावर आला त्यालाच त्यांनी सांगून टाकलं, "माझ्या पाठीला माझा पाय चालला न्हाई बाबा, दुर्बीन चालली. तुला पटत आसंल तर पड." बायकांना तर पाठ उघडी करून ती एवढीशी खूण दाखवायच्या. व्हायचं तेच झालं. 'हौसाबाईचा गुण सरला' असं लोक बोलायला लागले, आणि सकाळी ओटा रिकामा दिसायला लागला. आत्या तरी अंघोळ करून वेळेवर तिथं जाऊन बसायच्या. मला ते बघवायचं नाही. जे थोडे यायचे त्यांच्या पायावर रेघ ओढताना मात्र त्या आता विचारायच्या, "दोन्हीकडं सारखं कळतंय का?" अंगठा दाबून म्हणायच्या, "उचल वर." मी हसले, "काय आत्या, सरांची नक्कल?" "नक्कल कराया बी अक्कल लागती," त्या म्हणाल्या.

आणि मग बबनची गोष्ट झाली. बबन आमच्याच गावचा, पिकअपमधून वाड्यावस्त्यांवरचं दूध गोळा करून डेअरीला घालायचा. भरलेला कॅन उचलताना कमरेत कडकन झालं, आणि तो आत्यांकडं आला. दोन दिवस पाय लावून झाला होता. तिसऱ्या सकाळी मी डबा घेऊन दारात उभी होते, ओट्याखाली चार-पाच माणसं होती. आत्यांनी रेघ ओढत अंगठा टाचेपर्यंत आणला. बबन पालथाच होता, म्हणाला, "मावशी, लावा की आता." आत्या म्हणाल्या, "लावला की रं. कळला न्हाई?" त्यांनी त्याच्या पायाचा अंगठा दाबला, "अंगठा उचल." उचलेना. "लघवीला कवा गेल्तास?" खाली उभी असलेली माणसं फिदीफिदी हसली. बबन म्हणाला, "काल दुपारी गेल्तो."

आत्यांनी पाय मागं घेतला. "ऊठ. हे माझ्या पायाचं काम न्हाई." बबन चिडला. "तीन दिस उपाशीपोटी आलो मावशी, निदान टाच तरी मारा!" "न्हाई मारनार." "आवो पन का?" तेव्हा आत्या सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलल्या, "माझ्या पायात औशद न्हाई. कवाच नव्हतं. दत्ता, ह्याची पिकअप काढ, मंगलसंगं ह्याला आत्ताच्या आत्ता नगरला घाल!" मी तिथंच होते म्हणून सांगते, ते वाक्य बोलताना आत्यांचा आवाज जरासुद्धा कापला नाही. बबनला उचलून गाडीत घालताना तो म्हणत होता, "म्हातारीचा गुण गेला, आता सुनेला गिऱ्हाईक धाडती." आत्यांनी ते ऐकलं. गाडीचं मागचं फाळकं नीट लागलंय का ते हात लावून बघितलं.

दुपारच्या आत बबन टेबलावर होता. नसांचा सगळा झुबका दाबला गेला होता. त्याचंही सरांनी दुर्बिणीतूनच केलं. हात धुताना सर म्हणाले, "उद्यापर्यंत थांबला असता तर पाय आणि लघवी, दोन्हीचा भरवसा नव्हता. पाठवलं कुणी ह्याला?" मी म्हटलं, "माझ्या सासूनं." तेवढ्यावर माझं समाधान होईना, म्हणून पुन्हा मोठ्यानं म्हटलं, "माझ्या सासूनं तपासून पाठवला, सर! शाळेची पायरी चढली नाही ती बाई." आयुष्यात मला बक्षिसं मिळाली नाहीत असं नाही, पण त्या दिवशीसारखी छाती कधी फुगली नव्हती. बबनची लघवी आठवड्यात सुटली. पाऊल उचलायला मात्र काही महिने गेले. लाजेनं म्हणा, तो आमच्या दारी काही आला नाही. आत्या कधीमधी विचारायच्या, "उचलतो का गं अंगठा?" मी म्हणायचे, "उचलतो थोडा थोडा." "मंग झालं," म्हणायच्या.

आत्या गेल्या त्या दिवशी मी एप्रन उतरवून गावात पोचले तेव्हा आमच्या आळीत पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांनी हळदीकुंकवाला कधी बोलावलं नाही त्या बायका उन्हात उभ्या होत्या. तिरडी उचलायची वेळ झाली तशी गर्दीतून बबन पुढं आला आणि दत्ताच्या शेजारी, पुढच्या बाजूला उभा राहिला. आमच्याकडं चार पावलांवर खांदा बदलतात. बबननं बदलला नाही. कुणीतरी म्हणालं, "बबन, पाठ सांभाळ, दे इकडं." तो नुसता म्हणाला, "ऱ्हाऊ द्या." आम्ही बायका वेशीपर्यंत गेलो आणि थांबलो. ओढ्याकडं उताराची वाट आहे, खडी आहे. सगळे तिरडीकडं बघत होते, मी रडत रडत बबनच्या अनवाणी पावलाकडं बघत होते. अंगठा उचलत होता, टाच टेकत होती, पुन्हा अंगठा उचलत होता. तो पाय माझ्या सासूनं वाचवला होता, आपला पाय मागं घेऊन.