बदलून दिलेला पुडा

दुकानवाल्या काकूंच्या तोंडून सव्वीस वर्षांत ‘नाही’ हा शब्द कुणी ऐकला नव्हता. मागितलेला साबण संपला असेल तर दुसरा, त्याहून बरा, त्याच भावात. गिऱ्हाईक रिकाम्या हातानं परत धाडायचं म्हणजे काय! गल्लीत कुणाला काय चालतं, काय नाही, सगळं त्यांना तोंडपाठ, त्यामुळे आजवर ते खपूनही गेलं.

मग चौकात मोठं दुकान उघडलं आणि काकू माशा मारत बसल्या. शेवटी सुनेनं दुकान मोबाईलवर चढवलं. “माणसाचं तोंड न बघता सामान द्यायचं? काहीतरीच बाई!” म्हणून काकूंनी आधी नाक मुरडलं. पण पाय मोडून पडलेले, तान्ह्या बाळांच्या आया, जिने न झेपणारी म्हातारी माणसं ऑर्डरी देऊ लागली. अर्ध्या तासात सामान दारात! दुकान पुन्हा गजबजलं. “तुझ्या मोबाईलच्या तोंडात साखर पडो,” काकू सुनेला म्हणाल्या.

त्या सकाळी सून वर घरात होती. ऑर्डर आली: दूध, अंडी, साध्या बिस्किटांचा पुडा. साधी बिस्किटं संपली होती. काकूंनी सवयीनं त्याच कंपनीचा, तसाच लाल, पण भारीतला पुडा पिशवीत टाकला आणि डिलिव्हरीवाल्या भाऊंच्या हाती दिला. मनातून खूशही झाल्या.

सून खाली आली, मोबाईल उचलला आणि तिचा चेहराच उतरला.

“आई, ऑर्डरीखालची सूचना उघडलीत का?”

“कसली सूचना?”

सुनेनं बोट टेकवल्यावर ओळ उलगडली. ‘मुलीला शेंगदाणा कणभरही चालत नाही. घसा सुजून श्वास कोंडतो. वस्तू बदलून देऊ नये.’

काकूंनी फळीवरचा दुसरा लाल पुडा ओढला. मागे मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, शेंगदाण्याची पूड.

ऑर्डर पोचली की गिऱ्हाइकाला फोन करायचं बटण आपोआप बंद व्हायचं. ते बंद झालं होतं. भाऊंनी मात्र फोन उचलला. “दिलं की, काकू! झाली दहा मिनिटं. मागच्या गल्लीतली पिवळी इमारत, तिसरा मजला, जिन्यासमोरचं दार.”

“तू त्या अ‍ॅपवाल्या कंपनीला फोन लाव!” सुनेला एवढं ओरडून काकू गल्ल्यावरून उठल्या त्या थेट धावतच सुटल्या. चप्पल राहिली. गुडघ्यातून कळा येत होत्या, पण लक्ष कुणाचं होतं? काय करून बसले मी! कुणाचं लेकरू, आणि माझ्या हातानं! दहा मिनिटांत पुडा फोडून किती बिस्किटं होतात, याचा हिशेब डोक्यातून जाता जाईना. लिफ्ट वर अडकलेली. त्या कठड्याला धरून जिना चढल्या आणि दार बडवू लागल्या.

आतून चिमुकला आवाज आला. “कोण? आई आंघोळीला गेलीय. दार उघडायचं नाही.”

“नको उघडूस, बाळा! मी दुकानवाली आजी. लाल पुडा फोडलास का गं?”

“आईनं फोडला. म्हणाली, आपलीच बिस्किटं आहेत, खा.”

“मग? खाल्लंस?”

आतून काहीच ऐकू येईना. काकूंनी दाराला कान लावला. पोर श्वास घेतंय की नाही, तेही कळेना.

“बोल गं, माझे आई! खाल्लंस?”

“नाही,” पोरगी जरा रागावूनच म्हणाली. “आई आज मागचं वाचायला विसरली. ती वाचते, मग मी खाते. मी हातात धरून बसलेय.”

“टाक ते! टाक, आणि आईला हाक मार!” काकू मटकन दाराशीच बसल्या. डोळ्यांना धार लागली होती.

थोड्या वेळानं दार उघडलं. ओल्या केसांची आई घाबरून त्यांच्याकडे पाहत होती, आणि तिच्या मागे ती पाच वर्षांची मुलगी उभी होती.

“पुडा मी बदलला,” काकू म्हणाल्या. “मी वाचलं नव्हतं.”