चहा निवेपर्यंत
अद्रकाचा चहा उकळायला लागला की मला अजून दारव्ह्याच्या कापूस बाजारातली ती रांग आठवते. भाव पडलेले, काटा बंद, बैलगाड्या तीन दिवसांपासून उन्हात उभ्या. गाडी पुढं घेण्यावरून माझ्या दादानं मागच्या गाडीवाल्याला आईवरून शिवी दिली, हे मी नाकारत नाही. तो माणूस निघून गेला. फाटकाजवळच्या टपरीवर माझ्या सख्ख्या मामाशेजारी बसून त्यानं अद्रकाचा चहा घेतला, मग परत येऊन गाडीच्या कडेचा लाकडी दांडा, उभारी, उपसली आणि दादाच्या डोक्यात घातली. मामानंच त्या संध्याकाळी आईला रडत सांगितलं होतं, "बशीत फुकून फुकून पेला वं त्यानं चहा. मले वाटलं, राग निवला." कोर्टात सारं त्या चहावर येऊन थांबलं. वकील म्हणाले, शिवीसरशी भडकून मारलं असेल तर सदोष मनुष्यवध. राग शांत व्हायला वेळ मिळाला असेल तर खून. मामा साक्षीच्या पिंजऱ्यात उभा राहिला आणि आईकडं न पाहता म्हणाला, "चहागिहा काही नाही साहेब. शिवी देल्ली अन् लगेच मारलं." खुनाचं कलम गेलं. त्याच उन्हाळ्यात मामानं आपली मुलगी त्या माणसाच्या धाकट्या भावाला दिली. मामा आता थकला आहे, कधीमधी येतो. मी चहा ठेवते. "लय गरम आहे वं," तो म्हणतो. "निवू द्या, मामा," मी म्हणते. "किती वेळ लागते, तुमाले तर मालूम आहे."