रोह्यातली घरची शाळा

पेणजवळच्या जोह्यातून निघालो तेव्हा मे महिना होता. आमच्या मूर्तींच्या कारखान्यात गणपती पांढरे होऊन रंगाची वाट बघत ओळीने उभे होते. टेम्पोत दोन पत्र्याच्या पेट्या, गॅसची शेगडी आणि तनूची सायकल. गल्लीतल्या बाया दारादारात उभ्या. कोणी काही बोलत नव्हतं, म्हणजे टेम्पो वळला की बोलणार होत्या. आई एवढंच म्हणाली, "बायकोच्या मांगं चाललास, जा. पन सवय नको लावून घेऊ." कसली सवय ते तिने सांगितलं नाही. पेण गेलं, रामवाडी गेली, वडखळ गेलं, नागोठण्यापर्यंत मी तोच विचार करत होतो.

बायको, सुनीता, नर्स आहे. तिला रोह्याच्या दवाखान्यात नोकरी लागली. तनू आमची एकुलती एक, नऊ वर्षांची, दम्याची. कारखान्यातली प्लास्टरची भुकटी तिला सोसत नव्हती. डॉक्टर म्हणाले, तिथून हलवा, आणि वर्षभर शाळेची धूळ नि धावपळही नको. मग ठरलं की सुनीताने शिफ्टा करायच्या, मी घर सांभाळायचं आणि पोरीला शिकवायचं. रोह्यातल्या शाळेच्या बाई भल्या. म्हणाल्या, "पुढच्या जूनआधी तोंडी परीक्षा घेऊ. जमलं तर पाचवीत बसवू, नाही जमलं तर अजून एक वर्ष घरीच ठेवा." मी आखणी करणारा माणूस, मूर्तीचे डोळे रंगवणारा. बारावी पास होतो, पण साधा भात टाकता येत नव्हता.

माझा स्वभाव संशयी आहे, तो लपवण्यात अर्थ नाही. आमचे बाबा सांगायचे, गिऱ्हाईक हसत आलं की दोन पावलं मागे सर. रोह्यात तर सगळेच हसत येत होते. खालच्या मजल्यावरच्या काकू पहिल्याच आठवड्यात वाटीभर आमटी घेऊन आल्या. आमटी निमित्त. नजर घरभर. पुरुषमाणूस दिवसा घरात, पोरगी शाळेत नाही, बायको कामावर. "पोरीला काय झालंय हो?" मी म्हटलं, काही नाही. "मग तुम्हाला?" वाटी धुऊन परत दिली आणि दार लावून घेतलं. जोह्यात राहिलेल्यांना हे कळायचं नाही. माझ्यासारखं उठून गेलेल्यांना ठाऊक असेल, नव्या गावात पहिलं वर्ष माणूस दाराच्या फटीतूनच बघत असतो.

घरची शाळा म्हणजे काय, तर ओट्याशी उभं राहून पाढे म्हणून घ्यायचे आणि कुकरच्या शिट्ट्या चुकायच्या. शुद्धलेखन सांगता सांगता दूध उतू जायचं. तांदळाची उकड मळायला घेतली की हात आपोआप सोंड काढायला जायचे, तनू खो खो हसायची. मग दम लागायचा, मग औषधाचा पंप, मग दुपारपर्यंत भूगोल बंद. वाल सोलायला बसलो की भागाकार. कपडे वाळत घालताना कविता. सुनीता घरी यायची, भांडी बघायची, वह्या बघायची आणि दोन्हीतलं एकच काहीतरी धड झालेलं असायचं. कधीकधी तेही नाही. ती रागवायची नाही. त्याचाही मला संशय यायचा.

जोह्याहून थोरल्या भावाचा, दादाचा, फोन दर आठवड्याला. "कदी येतंस? आखणीला मानूस नाय मिलत." मी सांगायचो, जून लागू दे, पोरगी शाळेत बसली की निघालो. आम्हा नवराबायकोत तसं ठरलंच होतं. हंगामाला मी जोह्यात, या दोघी रोह्यात, पुढचं पुढे. फोन ठेवला की हात शिवशिवायचे. खोटं कशाला बोलू, डोळे रंगवायला मिळत नव्हते म्हणून मी आतून वाळत चाललो होतो.

फेब्रुवारी उजाडला आणि पोरगी चुकायला लागली. आधी पाढे अडले. मग बेरजा. मग नदी, समुद्र, राजधानी, सगळंच गेलं. मी पुन्हा शिकवलं, पुन्हा चुकली. म्हटलं, काकूंची दृष्ट. मग म्हटलं, औषधाने डोकं जड होत असेल. मग वाटलं, आपल्यालाच शिकवता येत नाही, रंगाऱ्याने रंगावं. ही शेवटची शंका सगळ्यात वाईट होती. तिने माझी झोप उडवली.

एकदा सुनीताच्या माहेरची माणसं जेवायला यायची होती. मी ओट्याशी तांदूळ काढत स्वतःशीच पुटपुटलो, पाच जणांना अडीच वाट्या, तर आठ जणांना किती? खाटेवरून, मान वर न करता, तनू म्हणाली, "चार." दुसऱ्या दिवशी तेच गणित मी पाटीवर घातलं. बराच वेळ पेन्सिल चावून तिने लिहिलं, तीन.

मी पाटी उचलून ठेवली. येतंय, तरी चुकतेय. नऊ वर्षांचं पोर हे एकटं करणार नाही, कोणीतरी शिकवलेलं असणार. आणि घरात मोठी माणसं आम्ही दोघंच. मी जोह्याला जाऊ नये असं कोणाला वाटत असेल? पोर नापास झाली तर कोणाचं आयतं फावेल?

दुपारी सुनीता शिफ्टला निघाली होती. मी दारात आडवा उभा राहिलो आणि विचारून टाकलं, पोरीला चुकायला तूच सांगितलंस का? ती केस बांधत होती. "अहो, तुम्ही थांबावं असं मला वाटलं असतं तर मी तोंडाने सांगितलं असतं. पोरीचं वर्ष वाया घालवलं असतं का मी?" तिच्या आवाजात राग नव्हता, आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तेवढ्यात आतल्या खोलीतून तनू आली. म्हणाली, "आईला नका बोलू. मला सगळं येतं."

"मग चुकतेस कशाला?"

"मला आलं की तुम्ही जाल ना. काकांना सांगता तुम्ही फोनवर."

आठचा पाढा तिने तिथेच, दारात, न अडखळता म्हणून दाखवला. पुरावा म्हणून. आठ आठे चौसष्टला सुनीताने तिला पोटाशी घेतलं. मी म्हटलं, नाही जात. तनूने माझ्याकडे बघितलं, हसत आलेल्या गिऱ्हाइकाकडे मी बघतो तसं. "आजीची शप्पथ?" मी घेतली. तरी तिने मला दादाला फोन लावायला लावला आणि शेजारी उभी राहून ऐकलं.  दादा पलीकडून म्हणाला, "बरा. ऱ्हा तथंच." आईने फोन घेतलाच नाही.

तोंडी परीक्षेत तनू एकही प्रश्न चुकली नाही. जूनमध्ये शाळेत गेली. जोह्यात आखणीला दुसरा माणूस लागला, त्याचा हात चांगला आहे म्हणतात. मी इथे दुकानांच्या पाट्या रंगवतो आणि वेळेवर कुकर लावतो. गणपतीच्या आधी दोन दिवस आम्ही तिघं जोह्याला जातो, तनू कारखान्याच्या बाहेर ओट्यावर आजीपाशी बसते, मी आत जाऊन नुसता बघून येतो. आई अजून कोणाला सांगते, धाकटा बायकोच्या मांगं गेला. मी मनात म्हणतो, पोरीच्या मांगं.

कोणी गाव विचारलं तर तोंडातून जोहेच येतं. पण शाळा सुटल्यावर तनू जिना चढून येते आणि दाराबाहेर थांबते. माझ्या चपला आहेत का बघते, मगच आत येऊन दप्तर टाकते. आता सातवीत गेली, तरी बघते. म्हणून त्या वेळेला वाण्याकडे जायची पाळी आली तर मी चपला दारात ठेवून अनवाणीच जातो. काकू जिन्यात गाठून विचारतात, "कसला नवस बोललात हो?" मी आपला व्हय म्हणतो आणि पाय पोळत रस्ता ओलांडतो.