दौलतने घातलेला बोळा

दौलत चोगलेबद्दल कुणी वाकडं बोललं की माझं डोकं फिरतं. हे आधीच सांगून टाकतो, कारण सौदीतल्या रास तनुराच्या आमच्या कॅम्पात अजून दोघेतिघे म्हणतात, दौलत येडा आहे, हातातलं चांगलं काम स्वतःच्या तोंडाने घालवलं. म्हणू देत. मी तिथे होतो, ते नव्हते.

दौलत हर्णैचा. आजाची बोट, बापाची बोट, त्यामुळे पोरगा चालायला शिकला तोच फळीवर. इथे आम्ही दोघे एका लहानशा यार्डात कामाला आहोत, मासेमारीच्या बोटी दुरुस्त करतो. तो मेकॅनिक, मी वेल्डर. आमच्या कफीलची, म्हणजे आम्हाला इथे आणणाऱ्या मालकाची, अबू माजिदची, स्वतःची एक बोट आहे. गेल्या वर्षी ती त्याने दौलतच्या हाती दिली. शुक्रवारी अबू माजिद आणि त्याचे दोन भाऊ मासे पकडायला निघाले की सुकाणूवर आमचा दौलत! आठवडाभर ग्रीसमध्ये हात काळे केल्यावर एक दिवस समुद्र. गडी गुरुवारपासूनच गुणगुणायला लागायचा.

थंडीत इथे वारा असा सुटतो की वाळू दातांत येते. म्हणून डिसेंबरात दौलतने बोट बंद करून यार्डात चढवून ठेवली. थंडी सरल्यावर हुसेनमियाँनी टाकी धुऊन नवं डिझेल भरलं, फिल्टर बदलले. हुसेनमियाँ बाणकोटचे, यार्डातले सगळ्यांत जुने, आम्ही त्यांना चाचा म्हणतो. नजर जरा अधू झालीय. अबू माजिदच्या धाकट्या भावाला त्यांना काढायला एवढं निमित्त पुरे होतं.

मोसमातल्या पहिल्या शुक्रवारी सकाळी बोट पाण्यात उतरवली, खाण्याचे डबे चढले, आणि इंजिन सुरूच होईना. स्टार्टर गरागरा फिरतोय, इंजिन ढिम्म. धाकटा भाऊ लगेच पेटला. "हुसेन ने टंकी में पानी डाला! बुड्ढा अंधा हो गया!" अबू माजिदचाही पारा चढला. "मशीन खराब किया तो हुसेन खलास. एक्झिट."

चाचा पांढरेफटक पडले. पुढच्याच महिन्यात त्यांची बायको आयुष्यात पहिल्यांदा उमऱ्यासाठी मक्केला येणार होती. तिचा व्हिसा चाचांच्या इकाम्यावर, म्हणजे इथे राहायच्या परवान्यावर. चाचांना घरी पाठवलं की तिचं येणंही रद्द. माझा हात धरून ते म्हणाले, "नागेश, मी पाणी नाय रे घातलं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण कफीलसमोर करता काय!

दौलतने आधी बॅटरी बघितली. ठणठणीत. फिल्टरच्या बुडाचं डिझेल बाटलीत काढून उन्हात धरलं. पाण्याचा थेंब नाही. पाइपांचे नट सैल करून हवा काढली, तर डिझेल मस्त उडालं.

"चाचांचं काम चोख आहे," तो मला म्हणाला. मग इंजिन चालत का नाही?

"नाग्या, जरा स्टार्टर मार." मी मारला. तो मागे एक्झॉस्टच्या नळीला तळहात लावून उभा राहिला. एवढं डिझेल आत जातंय, पेटलं नाही तरी पांढरा धूर यायला हवा. धूर सोडा, साधी फुंकरही नाही. दौलतचा चेहरा खर्रकन उतरला.

"आत बोळा आहे," तो म्हणाला. "मीच घातलाय."

हर्णैला त्यांच्या घरी पावसाळ्याआधी बोट वर ओढली की एक्झॉस्टमध्ये ग्रीस माखलेल्या जुन्या लुंगीचा बोळा खोल कोंबतात, ओल आणि उंदीर आत जाऊ नयेत म्हणून. कोंबायचं काम मुलाचं, काढायचं मात्र आईचं. नारळी पौर्णिमेला आधी ती बोळा ओढते, मग समुद्राला नारळ, मग इंजिन. दौलतने जन्मभर बोळे घातले, काढला एकही नाही. इथेही वाळू जाऊ नये म्हणून हाताच्या सवयीने कोंबला. आणि काढायला इथे आई कुठून येणार!

मी त्याच्या कानाशी लागलो. "मुकाट्याने ओढ आणि दे पाण्यात टाकून. इंजिन सुरू झालं की सगळेच सुटले." कुणी बघत नव्हतं. ते तिघे भाऊ पुढच्या बाजूला चाचांवर डाफरत होते.

"आणि चाचा?" दौलत म्हणाला. "हे म्हणतील, हुसेनने बिघडवलं, दौलतने नीट केलं. आज नाही तर उद्या काढतीलच त्यांना."

"अरे बाबा, तुझी बोट जाईल!"

"जाईल."

वाकड्या तारेने त्याने बोळा ओढला. काळाकुट्ट, चिकट. तो तसाच हातात घेऊन पुढे गेला आणि अबू माजिदच्या नाकासमोर धरला. "ये मैंने डाला था, निकालना भूल गया. हुसेनचाचा का काम एकदम सही है. गलती मेरी." मग वळला आणि स्टार्टर मारला. इंजिन धडधडत सुरू झालं.

अबू माजिद चाचांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "मालेश, हुसेन." माफ कर. आणि दुसरा हात दौलतपुढे पसरला. दौलतने इंजिन बंद करून चावी दिली आणि धक्क्यावर उतरला. बोट त्याच्याशिवाय गेली. ती दिसेनाशी होईपर्यंत तो तिथेच उभा होता. त्याचा हात हुसेनचाचांनी दोन्ही हातांत घट्ट धरून ठेवला होता. मी दगडासारखा माणूस, पण डोळे भरून आले बघा.

चाची आली. मक्केला जाऊन आली. दौलतला मात्र बोट परत मिळाली नाही, शुक्रवारी तो आता खोलीत कपडे धुतो.

कॅम्पात नवीन माणूस आला की विचारतो, कुठल्या खोलीत राहता? मी नंबर सांगत नाही. ताठ मानेने सांगतो, दौलत चोगलेच्या खोलीत.