पोट कायम दुसऱ्याचंच!

औषधाच्या दुकानात मुदत संपलेला माल कंपनी परत घेते. किस्से मात्र कुणीच परत घेत नाही! कळमनुरीच्या बाजार गल्लीत आमचं मेडिकल आहे, लायसन माझ्या नावावर आहे आणि सतरा वर्षं मी काउंटरला उभी आहे. रॅकमध्ये औषधं मावतात, पण किस्से आता मावेनासे झालेत. त्यातले अर्धे तर एकाच तक्रारीचे. पोट साफ न होण्याचे!

या तक्रारीचा आमच्याकडे एक नियम आहे. ताप स्वतःला येतो, खोकला स्वतःला होतो, पण पोट कायम दुसऱ्याचंच तुंबतं. गिऱ्हाईक येणार, आधी डोकेदुखीची गोळी घेणार, इकडे तिकडे बघणार, मग आवाज बारीक करून म्हणणार, "आमच्या शेजाऱ्याला जरा तकलीफ आहे." त्यात काउंटरला बाई दिसली की शेजारी अजून दोन गल्ल्या लांब राहायला जातो.

* * *

हायस्कूलचे एक सर आहेत. इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेन. एकदा आले आणि छताकडे बघत म्हणाले, "इसबगोल द्या. आमच्या सासूबाईंसाठी."

मी डबा काढला, आणि हात तिथंच थांबला.

"सर, मागच्या महिन्यात तुमच्या सासूबाईंच्या तेराव्याला आम्ही जेवून आलो ना?"

सर परत छताकडे बघायला लागले. मग डबा पिशवीत टाकत म्हणाले, "हो. त्यांची तेवढी एक इच्छा राहून गेली होती!"

* * *

नियम मोडला तो फक्त तांड्यावरच्या सोनाबाईनं. बाजाराचा दिवस, दुकानात ही गर्दी, आणि सोनाबाई पायरीवरूनच ओरडली, "ताई, चार दिस झाले, पोट दगड झालंय! काईतरी द्या!"

दुकानातले पुरुष एकदम बूट-चपला बघायला लागले.

मी म्हटलं, "हळू बोला की सोनाबाई."

"काहून? पोट माझं, दवा मला. चोरी केली का काय?"

मी तिला औषध दिलं, भरपूर पाणी प्यायला सांगितलं, आणि आठ दिवसांत फरक पडला नाही तर सरकारी दवाखान्यात दाखवा म्हटलं. सोनाबाई गेली. पुढचा गडी काउंटरला आला. ओठसुद्धा न हलवता म्हणाला, "तेच." त्याच्या मागचाही तेच म्हणाला. त्या दिवशी ओळीनं पाच जणांनी "तेच" नेलं, आणि त्या दिवशी तेवढा शेजारी कुणाचाच आजारी नव्हता.

* * *

इसबगोलचा अजून एक. शिरड शहापूरचे एक पाहुणे, घरात पोरीचं लग्न, धावपळीत पोट बंद. मी बजावून सांगितलं, "एक चमचा, ग्लासभर पाण्यात टाकायचं आणि लगेच प्यायचं."

चार दिवसांनी आले. "ताई, तुमचं ते भुसकट सकाळी पाण्यात कालवलं, तेवढ्यात मंडपवाला आला. ध्यानातच न्हाई राहिलं. संध्याकाळी बघतो तर भांड्यात खळ!"

"अरे देवा. मग?"

"मग काय! पोटाचं जमलं न्हाई, पण पत्रिकांची सगळी पाकिटं चिकटली!"

* * *

आता आमच्या मामांचं सांगते. मामा म्हणजे माझे सासरे. तहसीलमधून हेडक्लार्क म्हणून रिटायर झाले आणि तेव्हापासून आमच्या दुकानाच्या दारात खुर्ची टाकून बसतात. म्हणायला पेपर वाचतात. गिऱ्हाईक पायरी चढलं की पेपर खाली येतो.

"चौऱ्याहत्तर वर्षं झाली, पोटासाठी एक गोळी घेतली न्हाई! सकाळी दोन तांबे गरम पाणी, अंगणात दहा चकरा. बस! घड्याळ लावून घ्या!"

मग सल्ले सुरू. काळ्या मनुका भिजवून खा, पिकलेली पपई खा, रोज पालेभाजी खा, मैद्याची बिस्किटं सोडा. सल्ला बराबर असतो, तीच तर माझी अडचण! गिऱ्हाईक "व्हय मामा" म्हणून पायरीवरूनच माघारी जातं. स्वतःच्याच मेडिकलच्या दारात बसून गिऱ्हाईक परत पाठवणारा असा माणूस अख्ख्या जिल्ह्यात दुसरा सापडायचा नाही.

एकदा नांदेड गाडीच्या कंडक्टरला त्यांनी एरंडेल सांगितलं. सांगताना बजावलं होतं, सुट्टीच्या आदल्या रात्री घ्या म्हणून. पण कंडक्टरला घाई. त्यानं ड्युटीच्या दिवशी पहाटेच घेतलं! गाडी कळमनुरीच्या बाहेर पडली आणि तुरीच्या रानापाशी बेल वाजली. दोन किलोमीटरवर परत बेल. तिसऱ्यांदा गाडी थांबली तेव्हा एक म्हातारा खिडकीतून ओरडला, "ओ कंडक्टर, हा नवीन स्टॉप कुणी मंजूर केला?"

तुरीतून आवाज आला, "कळमनुरीच्या हेडक्लार्कनं!"

* * *

अशा या आमच्या मामांचं दिवाळीनंतर हर्नियाचं ऑपरेशन झालं. नांदेडच्या डॉक्टरांनी सुट्टी देताना निक्षून सांगितलं, "आता अजिबात कुंथायचं नाही. पोट नरमच राहिलं पाहिजे. जोर लावला तर सगळं पुन्हा करावं लागेल, आणि या वयात पुन्हा करणं सोपं नाही." रात्री घ्यायला औषधाची एक बाटलीही दिली.

मामांनी घरी आल्यावर काय करावं? ती बाटली स्वतःच्या हातानं दुकानाच्या रॅकमध्ये नेऊन ठेवली! मला म्हणाले, "सूनबाई, हे गिऱ्हाइकाला देऊन टाक. मला काय करायचंय? आपले दोन तांबे आहेत."

दारात बसून अख्ख्या गावाला शिकवलेलं, आता गावासमोर औषध कसं घेणार? मी नवऱ्याला म्हटलं, "अहो, मामांना विचारा की, रोज साफ होतंय का."

"मी? अप्पांना असलं कसं विचारू?"

"मग मी विचारू? मी सून आहे!"

आमच्या घरात शेताची वाटणी झाली, लग्नं मोडली, जुळली, सगळं तोंडावर बोललो. पण या एका गोष्टीला कुणाचं तोंड उघडेना. सकाळी मामा आत गेले की मी गॅसपाशी उभी राहून कडीच्या आवाजाकडे कान लावायची. पाच मिनिटं झाली, दहा झाली की जीव वर-खाली. खरंच सांगते, भीती वाटायची मला. सासूबाई गेल्यापासून त्या माणसानं मला लेकीसारखं वागवलंय, आणि मी, एवढं मोठं मेडिकल चालवणारी, त्यांना एक चमचा औषध देऊ शकत नव्हते.

गुपचूप दुधात कालवायचा विचार आला, पण न सांगता औषध देणं मनाला पटेना. मग म्हटलं, ताटातूनच करू. रोज पपई. रोज पेरू. दुधात तूप. पालक, मेथी, अंबाडी, परत पालक. नवव्या दिवशी मामांनी ताटाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "सूनबाई, पपईचा ट्रक उलटला काय कुठं?"

त्या ऑपरेशनचा एकच फायदा झाला. मामांची भक्ती वाढली. दर शनिवारी हातात कापडी पिशवी घेऊन जुन्या स्टँडकडच्या मारुतीला जायला लागले. म्हटलं चला, तेवढंच चालणं होतंय.

दीड महिन्यानं तपासणीला नेलं. डॉक्टर म्हणाले, "एकदम छान! पोट साफ होतं ना रोज?"

मामा ताठ बसले. "दोन तांबे गरम पाणी. बस!"

गाडीत मी नवऱ्याला हळूच म्हटलं, "पाणी कसलं, माझी पपई लागू पडली!" आठ दिवस मी त्याच तोऱ्यात होते.

* * *

आणि हा मागच्या शनिवारचा.

एखादं औषध संपलं की आम्ही दुकानदार एकमेकांकडून आणतो. शुगरची एक गोळी संपली होती, म्हणून मी स्वतःच जुन्या स्टँडकडच्या गजाननभाऊंच्या मेडिकलला गेले. दुकानात चार-पाच जण. आपले हायस्कूलचे सरही, छताकडे बघत उभे.

गजाननभाऊंनी गोळ्यांची स्ट्रिप काढली, पण हातात दिली नाही. इकडे तिकडे बघितलं. आवाज बारीक केला. सतरा वर्षं मी तो आवाज ओळखते, फक्त काउंटरच्या या बाजूला उभं राहून पहिल्यांदाच ऐकला!

"वहिनी, आता कसं वाटून राहिलं?"

"कशाचं?"

"पोटाचं हो. मामा दर शनिवारी तुमची बाटली घेऊन जातात ना. बिचारे लई काळजी करतात. म्हणतात, सुनेला दिवसभर काउंटरला उभं राहून राहून तकलीफ झाली, आन् सोताच्या दुकानातलं घ्यायला लाजते."

आवाज बारीक होता, पण दुकान त्याहून बारीक होतं. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सर तर छत सोडून माझ्याकडे वळले आणि मायेनं म्हणाले, "ताई, यात लाजायचं काय? कुणालाही होतं!"

म्हणजे दर शनिवारचा मारुती तो हा! मी तोंड उघडणार, एवढ्यात पायरीवर कापडी पिशवी दिसली. पिशवीच्या वर मामा. माझ्यावर नजर पडली आणि त्यांचा एक पाय पायरीवर, एक खालीच राहिला. कधी नव्हे ते मामांचा चेहरा एवढासा झाला होता.

मी गजाननभाऊंकडे वळले आणि चांगली मोठ्यानं म्हणाले, "भाऊ, या वेळी मोठी बाटली द्या. मला अजून महिनाभर तरी लागेल."

मामांनी दुसरा पाय पायरीवर घेतला, घसा खाकरला, आणि सगळ्यांकडे बघत म्हणाले, "किती येळा सांगितलं हिला! दोन तांबे गरम पाणी पीत जा म्हणून!"