आधी शिवकन्या घालून बघणार

शिवणावर शिवकन्याचा हात कधी बसलाच नाही. खडूची रेघ मारून दिली तरी तिची शिलाई बांधावरच्या पायवाटेसारखी वळत जायची. आमची महिला शिवण सहकारी संस्था चालवणाऱ्या नीलम्माकाकूंनी तिला शेवटी दोरे कापायला बसवलं. मी काज-बटणं करायची, ती माझ्या शेजारी. तिला त्याचं वाईटही वाटायचं नाही. म्हणायची, "बसम्मा, मला दोन चाकं द्या. सुईचं तुमी बघा."

दोन चाकं तिला लहानपणापासून ठाऊक. माहेर तलवाड्याचं. वडील अर्जुनराव गावच्या दूध संस्थेवर दूध मोजून घ्यायचे. वस्तीवरचं दूध सायकलला किटल्या बांधून ही पोरगी केंद्रावर आणायची. लग्न होऊन आली ती आमच्या लिंबागणेशच्या वरच्या अंगाला, माळावरच्या वस्तीवर. तिथं तिला सायकलवर बघून लोक हसले. सासरच्यांनी सायकल गोठ्यात टांगली, आणि ती बरीच वर्षं तिथंच टांगलेली राहिली.

मग दुष्काळ आला. दोन हजार पंधरालाही पावसानं पाठ फिरवली आणि वस्तीवरचा बोअर गुळण्या टाकून बंद पडला. नवरा बद्रीनाथ जनावरं घेऊन चारा छावणीवर राहायला गेला. टँकर वस्तीपर्यंत चढायचा नाही. पाणी होतं ते खाली खोऱ्यातल्या एका विहिरीत, आणि तिकडं जाणारी वाट म्हणजे नुसते सुटे दगड, मुरमाची घसरण आणि दोन्ही अंगांनी बोरी-बाभळी. शिवकन्यानं गोठ्यातली सायकल काढली, कॅरिअरला दोन कॅन बांधले आणि त्या वाटेनं खाली सुटली. येताना भरलेली सायकल ढकलत चढायची. जाताना मात्र दगडांवरून अशी उतरायची की बघणारा जागच्या जागी थांबायचा.

त्याच दिवसांत संस्थेचं काम आटलं. शाळेचे गणवेश शिवून घेणारी माणसंच गाव सोडून बाहेर पडली होती. काकूंचा भाचा सिद्धलिंग पुण्यात कपड्यांच्या एका कंपनीत होता. हौसेनं डोंगरात सायकली चालवणाऱ्यांचे कपडे ती कंपनी करायची. त्यानं मावशीच्या शब्दाखातर नमुन्याचं काम आमच्याकडं आणलं.

"डोंगरात सायकल चालवायची, ती कावून?" साखराबाईनं विचारलं. साखराबाई आमच्यातली सगळ्यात सफाईदार शिलाईवाली.

"मजा म्हणून," सिद्धलिंग म्हणाला.

"मजा!" ती म्हणाली. आम्ही सगळ्या शिवकन्याकडं बघून हसलो.

सिद्धलिंग हसला नाही. त्यानं समजावून सांगितलं. या पँटीला आसनाखाली जाड जोड चालत नाही, बसून बसून कातडी सोलते. गुडघ्यापाशी कापड वाकायला हवं, पण काट्यानं फाटायला नको. कापड घासून बघायचं यंत्र त्यांच्याकडं होतं. पण यंत्र पडत नाही, घामेजत नाही, असं तोच म्हणाला. पुण्यातली दोन पोरं सुट्टीच्या दिवशी घालून बघायची, तेवढंच.

"मी रोज जाते की," शिवकन्या दोरा कापता कापता म्हणाली. "द्या मला."

शिवणाच्या शेडमधल्या बायका एकमेकींकडं बघू लागल्या. पँट घालायची म्हणजे बाईनं, सुनेनं, गावाच्या डोळ्यांदेखत. काकू म्हणाल्या, "तुझ्या सासूला इचार आधी."

सासू छबुबाई. तिच्यापुढं वस्तीवरचे गडीसुद्धा दबकून बोलायचे. काकू आणि मी शिवकन्याबरोबर वर गेलो. छबुबाईनं नमुन्याची पँट हातात घेतली, उलटी केली, ताणून बघितली.

"लुगडं चेनमधी गुतून ही पडलती," ती म्हणाली. "दोन दिवस उठली न्हाई. तवा नावं ठेवणारं कुणी पाणी आणाया आलं न्हाई. घाल गं तू. वरून बद्रीनाथाचा सदरा घाल."

दुसऱ्या दिवशी शिवकन्या पँट आणि नवऱ्याचा सदरा घालून खाली उतरली. पाराजवळ कुणीतरी शीळ घातली. तिनं सायकल थांबवली, मागं वळवली आणि शीळ घालणाऱ्याच्या पुढ्यात नेऊन उभी केली. "बोल, काय काम हाय?" काही काम नव्हतं. पुन्हा शीळ आली नाही.

तेव्हापासून आमच्या शेडमध्ये नवा धाक आला. शिवकन्या पाणी घरी पोचवून यायची आणि घालून बघितलेला कपडा टेबलावर पसरायची. कुठं घासलं, कुठं काटा धागा ओढून गेला, कुठं शिवण टोचली, एकेक जागा बोटानं दाखवायची. चांगलं शिवलेल्याचं कौतुक तिच्या तोंडून कधी आलं नाही. "हितं टोचतंय" एवढंच. साखराबाई चिडायची, पण उसवून पुन्हा शिवायची. पँटीचं काम जमत गेलं आणि कंपनी जास्त काम देऊ लागली.

मधे एकदा गंमत झाली. सिद्धलिंगनं पावसात घालायची जाकिटं पाठवली आणि फोनवर सांगितलं, अंगावर बादलीभर पाणी ओतून बघा. दुष्काळात बादलीभर पाणी कपड्यावर! शिवकन्या म्हणाली, "त्याला म्हणावं, आभाळाला फोन लाव." पण जाकीट तसंच परत पाठवणं तिला पटेना. तिनं घरचं मोठं घंगाळ आणलं, जाकीट घालून त्यात उभी राहिली, आणि छबुबाई स्टुलावर चढून तांब्यातांब्यानं सुनेच्या डोक्यावर पाणी ओतू लागली. खांद्याच्या शिवणीतून पाणी आत शिरलं, ते कळलं. घंगाळातलं पाणी शेळ्यांना पाजलं. शेळ्यांनी आधी वास घेतला, मग प्यायल्या.

खरी परीक्षा उन्हाळ्यात आली. कंपनीनं मोठी मागणी दिली होती. गुडघ्यावर आतून कप्पा, त्या कप्प्यात पॅड, अशी पँट. नमुना हिवाळ्यात शिवकन्यानंच घालून बघितला होता आणि चांगला ठरला होता. चैत्र संपता संपता सगळा माल शिवून झाला. खोकी बांधायला घेतली. बायकांच्या चेहऱ्यावर कितीतरी दिवसांनी तजेला दिसत होता. मांजरसुंब्याहून टेम्पो सांगून ठेवला होता.

त्या दुपारी शिवकन्या तयार मालातली एक पँट घालून विहिरीकडं गेली. कुणी सांगितलं नव्हतं. तिची तीच रीत.

परत आली ती लंगडत. एक गुडघा फुटला होता, पोटरीवर रक्त ओघळून वाळलं होतं. वळणावर दगड निसटला आणि ती पडली. पडणं तिला नवं नव्हतं. पण पॅड गुडघ्यावर नव्हतंच, सरकून नडगीवर आलं होतं.

"हा माल जाऊ द्यायचा न्हाई," ती म्हणाली.

साखराबाई उठून उभी राहिली. "एका पडण्यावरून? हिवाळ्यात चांगला व्हता न्हवं?"

"हिवाळ्यात घाम कुठं व्हता, आक्का?"

"तुझा पाय वाकडा पडला आसंल. आमच्या पोटावर कावून उठलीस?"

शिवकन्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी बघितलं. पण ती वाद घालत बसली नाही. सकाळी परत आली, गुडघ्याला फडकं बांधून. खोक्यातली दुसरी पँट साखराबाईलाच निवडायला लावली. घातल्यावर साखराबाईच्याच हातानं पॅडच्या कडेनं बाहेरून खडूची रेघ मारून घेतली आणि म्हणाली, "चला समद्या."

आम्ही सगळ्या माळाच्या कडेला उभ्या राहिलो. ती फुटका गुडघा घेऊन त्या दगडांवरून खाली गेली. चढताना कॅन भरलेले होते, ऊन चढलं होतं, पँट घामानं चिंब होती. वर आल्यावर थेट साखराबाईपुढं उभी राहिली. साखराबाई खाली वाकली, पॅड चाचपलं. खडूची रेघ गुडघ्यावर होती आणि पॅड चांगलं चार बोटं खाली. भिजलं की आतल्या कप्प्याचं कापड लांबत होतं आणि कप्पा पॅडला घेऊन लोंबत होता.

साखराबाई सरळ झाली. कुणाकडं न बघता शेडकडं चालू लागली.

काकूंनी सिद्धलिंगला फोन केला. तो रातोरात निघून सकाळी हजर झाला. कारणं सांगत बसला नाही. पँट भिजवून बघितली आणि म्हणाला, "हे मला पुण्यातच उन्हात बघायला पायजे होतं, मावशी. चूक आपली समद्यांची हाय." कप्पा वर धरून ठेवायला गुडघ्याच्या वर आतून रुंद इलास्टिकची पट्टी लावायचं त्यानं आणि साखराबाईनं मिळून ठरवलं. पण सगळा माल उसवून पुन्हा शिवायचा म्हणजे वेळ. कंपनीनं निम्मं काम दुसरीकडं नेलं. त्याला काही करता आलं नाही.

ते दिवस वाईट गेले. दोघी-तिघी संस्था सोडून गेल्या. उरलेल्यांतल्या काही शिवकन्याशी बोलेनात. ती तरी रोज यायची, खाली मान घालून उसवायची. उसवणं मात्र तिला झकास जमायचं. साखराबाई तिच्यासमोर बसून शिवायची. एकदा चहा आला तेव्हा साखराबाईनं आपली बशी तिच्याकडं सरकवली.

माल गेला. परत आला नाही. पुढच्या मोसमात कंपनीनं सगळं काम आमच्याकडंच दिलं. आमच्या वार्षिक सभेत साखराबाईच उठून बोलली, "शिवकन्यानं घालून बघितल्याबिगर शेडमधून चिंधी भायेर जाणार न्हाई. ठराव घ्या." सगळ्यांनी हात वर केले. शिवकन्यानं केला नाही.

"मी आजारी पडले मंग?" ती म्हणाली. "आजून दोघी शिका सायकल. मंग करते हात वर."

तर चाळिशी उलटल्यावर मी सायकल शिकले, माझ्याबरोबर आणखी एकजण शिकली. आधी शाळेच्या मैदानात, मग गाडीवाटेनं, मग त्या उतारावर. नवीन कपडे आले की आम्ही तिघी जातो. पहिल्यांदा एकटी उतरले तेव्हा अर्ध्यातच बाभळीत घुसले आणि आडवी झाले. शिवकन्या वरून सायकल टाकून धावत आली. हात धरून उठवलं, कोपर बघितलं, सदऱ्याच्या बाहीनं माझं तोंड पुसलं. मग पँट नीट न्याहाळली, काटे वेचून काढले.

"बसम्मा," ती म्हणाली, "ब्रेक दाबू नगं. दगडाकडं बघू नगं. जायचंय तिकडं बघ."

आणि सायकल पुन्हा माझ्या हातात दिली.