दोर कापण्याचा हुकूम

जत तालुक्यातील एका माळावर आमच्या युनिटचे हँग ग्लायडर प्रशिक्षण शिबिर होते. मी सुभेदार, लॉन्च इन्चार्ज; म्हणजे उड्डाणाचे हुकूम माझे.

जिप्सी गाडीला मागे लांब नायलॉनचा दोर, दोराच्या टोकाला ग्लायडर. जिप्सीचा वेग आणि समोरचा वारा मिळून त्याला उचलतात. मात्र ग्लायडर एका बाजूला कलंडले, तर ताणलेला दोर त्याला सावरत नाही. त्याच बाजूला आणखी ओढतो. पायलटचे दोन्ही हात तेव्हा दांडीवर गुंतलेले असतात. म्हणून जिप्सीत मागे तोंड करून एक जवान दोर कापायला कोयता घेऊन बसतो.

ते काम नाईक धोंडिरामचे. आदल्या दिवशी पंख जरा कलताच त्याने दोर कापला. पायलट लान्स नाईक विलास, तासगावच्या द्राक्षबागायतदाराचा मुलगा, बाभळीत उतरला. पाहायला आलेल्या अधिकाऱ्यांसमोर शोभा झाली. मी आदेश दिला: माझ्या हुकमाशिवाय दोर कापायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला विलास अंगाला हार्नेसचे पट्टे बांधत होता.

"धोंड्या, आज तरी मोकळ्यावर उतरू दे रं. काटे अजून निघाले न्हाईत."

"जित्ता हायस म्हणून काटे मोजतोयस, गड्या."

मग धोंडिराम माझ्याकडे वळला. "साहेब, डोळ्याला दिसतंय ते वॉकीटॉकीवर यायला येळ लागतो."

"हुकूम समजला?"

"समजला, साहेब."

सात चाळीसला लॉन्च. मी लांब माळावर दुर्बीण आणि वॉकीटॉकी घेऊन उभा होतो. ग्लायडर साठ मीटरवर असताना उजवीकडून वाऱ्याचा झोत आला. डावा पंख खाली गेला.

"ड्रायव्हर, स्लो," मी वॉकीटॉकीवर म्हणालो.

जिप्सी मंदावली. दोर ताणलेलाच राहिला. दुर्बिणीतून मला धोंडिराम दिसत होता. कोयता उचललेला, कान वॉकीटॉकीकडे. विलास पंख सावरील, असे मला वाटले. मी थांबलो.

"कट."

धोंडिरामने तत्क्षणी दोर कापला. तोवर ग्लायडर उलटले होते. मधले तीन सेकंद माझे आहेत.

चौकशीत धोंडिराम एवढेच म्हणाला, "हुकूम येताच कापला." सकाळचे बोलणे त्याने सांगितले नाही. ते मी सांगितले. ज्याला समोर दिसत होते, त्याच्या हातातला निर्णय मी काढून घेतला होता.

चौकशीआधी विलासचे पार्थिव घेऊन मी तासगावला गेलो होतो. दांडीवरची त्याची पकड शेवटपर्यंत सुटली नव्हती. वडिलांनी विचारले, "आवं साहेब, पोराचं काय चुकलं का?"

"नाही. माझे चुकले."

मग त्यांनी माझ्यासाठी सतरंजी टाकायला सांगितली. मी उभाच राहिलो.